मालकी आणि समता : संग्रहणीय पत्त्यांच्या खेळातील नियमनाचा इतिहास (१९९३ ते २०२४)

प्रस्तावना

पत्त्यांच्या खेळांचा विचार करताना एक गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिचा स्वतंत्र उल्लेखही करीत नाही. डावाला बसलेल्या सर्वांसाठी कॅट एकच असतो. तो बावन्न पानांचा असो किंवा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतील १२० पानांचा असो, पाने कोणाच्या मालकीची हा प्रश्न डाव मांडताना गैरलागू ठरतो. कॅट यजमानाच्या घरचा असला म्हणून हुकुमाचा एक्का यजमानाच्याच हाती येत नाही. पाने पिसली जातात, वाटली जातात आणि त्या क्षणी सर्व खेळाडू समान पातळीवर येतात. बुद्धी आणि दैव यांखेरीज तिसऱ्या कोणत्याही गोष्टीला तेथे प्रवेश नसतो.

१९९३ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने ही जुनी व्यवस्था मोडली. या खेळात प्रत्येक खेळाडू आपला स्वतंत्र संच, म्हणजेच 'डेक', घेऊन येतो. तो डेक त्याने स्वतः विकत घेतलेल्या किंवा देवाणघेवाणीतून मिळवलेल्या पानांतून रचलेला असतो. पाने बंद पाकिटांतून विकली जातात. काही सर्रास मिळतात, तर काही दुर्मीळ असतात. म्हणजेच खेळाचे साधन हीच खाजगी मालमत्ता झाली आणि ती सर्वांपाशी सारखी असण्याची शक्यता उरली नाही.

अशा खेळात न्याय्य स्पर्धा कशी शक्य होते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी गेल्या तीन दशकांत जी नियमव्यवस्था उभी राहिली, तिला खेळाडू 'फॉरमॅट' म्हणतात. कोणती पाने वापरता येतील, किती प्रती ठेवता येतील आणि कोणत्या पानांना बंदी असेल, हे फॉरमॅट ठरवतो. वरवर पाहता हा तांत्रिक तपशील वाटतो. तथापि, खेळाडूची समता, संग्राहकाची मालकी आणि प्रकाशकाचा व्यापार या तीन दाव्यांमधील संघर्षाचा इतिहास या नियमांत नोंदला गेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गृहीतक आणि वास्तव

या खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी चयनगणितात डॉक्टरेट मिळवली आणि काही काळ वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन महाविद्यालयात अध्यापन केले. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे ते आधी एका पटावरील खेळाचा प्रस्ताव घेऊन गेले होते. तो खेळ छापणे संस्थेला परवडणारे नव्हते. सहज बाळगता येईल आणि थोड्या वेळात खेळता येईल असे काहीतरी हवे, या अ‍ॅडकिसन यांच्या अपेक्षेतून 'मॅजिक'ची कल्पना आकाराला आली.

खेळाची मूळ रचना सोपी आहे. दोन खेळाडू प्रत्येकी वीस जीवनगुणांनी सुरुवात करतात. 'भूमी' या प्रकारच्या पानांतून 'माना' नावाची शक्ती मिळते, तिच्या बळावर प्राणी आणि मंत्र यांची पाने खेळता येतात आणि प्रतिपक्षाचे गुण शून्यावर आणणे हे सामान्यतः उद्दिष्ट असते. ऑगस्ट १९९३ मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी पाने होती आणि एकूण सुमारे २६ लाख पाने छापण्यात आली होती. हा साठा काही आठवड्यांतच संपला.

या अनपेक्षित यशाने रचनाकाराच्या एका गृहीतकाला धक्का बसला. एखादा खेळाडू मर्यादित खर्च करील, एक प्रारंभिक संच आणि काही पाकिटे घेईल, असे गारफिल्ड यांनी धरले होते. त्या हिशेबाने 'ब्लॅक लोटस'सारखे अतिसमर्थ पान एखाद्या मित्रमंडळात फार तर एकाकडे असले असते. शिवाय मूळ नियमांनुसार डावापूर्वी प्रत्येकाने आपले एक पान पणाला लावायचे होते. पाने हातोहात फिरत राहतील आणि सामर्थ्य एका ठिकाणी साचणार नाही, अशी ही योजना होती. प्रत्यक्षात खेळाडूंनी पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या आणि पण लावण्याची प्रथा बहुतेकांनी नाकारली. पैसे मोजून मिळवलेले पान एका डावात गमावण्यास लोक तयार नव्हते. पान हे खेळाचे साधन कमी आणि मालमत्ता अधिक, हा कौल खेळाडूंनी पहिल्या काही महिन्यांतच दिला.

चार प्रतींची मर्यादा

मूळ नियमांत डेक किमान चाळीस पानांचा असावा एवढीच अट होती. एकाच पानाच्या कितीही प्रती ठेवता येत असत. जो अधिक खर्च करील त्याला तेच समर्थ पान वीस वेळा ठेवण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. स्पर्धांचे नियमन करण्यासाठी प्रकाशकानेच 'ड्युएलिस्ट्स कन्व्होकेशन' ही संघटना उभारली आणि जानेवारी १९९४ मध्ये बंदी व मर्यादा घातलेल्या पानांची पहिली यादी लागू झाली. स्पर्धेतील डेक किमान साठ पानांचा झाला. भूमीची मूलभूत पाने वगळता कोणत्याही पानाच्या चारच प्रती ठेवण्याची मुभा राहिली. काही अतिसमर्थ पानांची एकच प्रत चालेल असे ठरले, तर पण लावण्याशी निगडित पाने बाद करण्यात आली.

या नियमाचा परिणाम गणिताने स्पष्ट होतो. खेळाडू आरंभी सात पाने उचलतो. चाळीस पानांच्या डेकमध्ये एखाद्या पानाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची संभाव्यता सुमारे ५५ टक्के असते. साठ पानांच्या डेकमध्ये ती सुमारे ४० टक्क्यांवर येते, आणि एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे नियमकर्त्यांनी श्रीमंत खेळाडूची मालकी हिरावून घेतली नाही. त्या मालकीचा डावातील प्रभाव तेवढा सौम्य केला. संपत्तीवर बंदी न घालता तिच्या वापरावर मर्यादा घालणारे हे सूत्र पुढील सर्व फॉरमॅटचा पाया ठरले. ऑगस्ट १९९४ मध्ये मिलवॉकी येथे झालेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच व्यवस्थेत खेळली गेली आणि झॅक डोलन विजेते ठरले.

कालमर्यादेचा शोध

चार प्रतींच्या मर्यादेने एक प्रश्न मात्र सुटला नाही. १९९३ मधील समर्थ पाने पुन्हा छापली जात नव्हती. १९९५ मध्ये खेळाकडे वळलेल्या नवख्याला ती मिळवायची तर चढा भाव मोजण्यावाचून पर्याय नव्हता. यावर जानेवारी १९९५ मध्ये जो उपाय निघाला तो या खेळाच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय म्हणावा लागेल. 'टाइप टू' नावाचा नवा फॉरमॅट सुरू करण्यात आला. त्यात चालू मूळ आवृत्ती आणि अलीकडील विस्तारसंच एवढीच पाने ग्राह्य होती. नवा संच आला की जुना बाहेर पडणार, असे चक्र ठरले. हाच फॉरमॅट पुढे 'स्टँडर्ड' या नावाने रूढ झाला. जुन्या पानांसह खेळण्याची सोय 'टाइप वन'मध्ये राहिली. त्याला नंतर 'व्हिंटेज' म्हणू लागले.

या निर्णयाच्या दोन बाजू आहेत. एकीकडे नवा आणि जुना खेळाडू बऱ्याच अंशी एका रेषेवर आले. दुसरीकडे, डेक कायमचा बाळगण्याची वस्तू न राहता ठरावीक मुदतीने कालबाह्य होणारी वस्तू झाला. समतेची किंमत म्हणून सातत्याने खरेदी करीत राहणे खेळाडूच्या वाट्याला आले. नियम करणारा आणि पाने विकणारा पक्ष एकच होता, ही बाब येथे नजरेआड करता येत नाही. असे असले तरी केवळ व्यापारी हेतूने हा फॉरमॅट टिकला असे म्हणणे एकांगी ठरेल. डेकरचनेचा प्रश्न दर काही महिन्यांनी नव्याने उभा राहतो, हे बौद्धिक आकर्षण खेळाडूंनाही हवे होते.

संग्राहकांचा दावा याच सुमारास पुढे आला. जुलै १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' या संचातून प्रारंभीच्या विस्तारसंचांतील अनेक पाने पुन्हा छापली गेली. खेळाडूंना ती स्वस्तात मिळाली, पण मूळ प्रतींचे भाव घसरले आणि संग्राहक संतप्त झाले. परिणामी मार्च १९९६ मध्ये प्रकाशकाने काही विशिष्ट पाने पुन्हा कधीही छापली जाणार नाहीत, असे जाहीर वचन दिले. ही 'राखीव यादी' थोड्याफार फेरबदलांनिशी आजही कायम आहे. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या आवृत्तीतील 'ब्लॅक लोटस'ची एक प्रत ५,११,१०० डॉलरला विकली गेली. त्या एका पानाच्या किमतीत व्हिंटेज फॉरमॅटची कोंडी दिसते. जेथे सर्व पाने ग्राह्य आहेत तेथे खेळू शकणारे हातावर मोजण्याइतके उरले. अनेक अनधिकृत स्पर्धांनी मूळ पानाऐवजी त्याची खूण केलेले साधे पान चालवून घेण्यास सुरुवात केली, ती या कोंडीतून वाट काढण्यासाठीच.

डेकरचनेचे शास्त्र

नियमांची चौकट स्थिरावू लागताच तिच्या आत एक नवे चिंतन आकाराला आले. सुरुवातीला डेक म्हणजे आवडत्या पानांची जुळवाजुळव असे. १९९५ च्या सुमारास ब्रायन वाइसमन यांनी रचलेला आणि केवळ 'द डेक' या नावाने ओळखला गेलेला संच या समजुतीला छेद देणारा ठरला. त्यात शत्रूवर चाल करणारी पाने अगदी थोडी होती. प्रतिपक्षाचे प्रत्येक अस्त्र निष्प्रभ करायचे, आपल्या एका पानाने त्याची दोन पाने खर्ची पाडायची, आणि हातातील पानांचे आधिक्य पुरेसे झाले की सावकाश डाव संपवायचा, अशी ती पद्धत होती. 'पानांचे आधिक्य' ही संकल्पना या मांडणीतून दृढ झाली. विजय हा मोठ्या पानाने मिळत नसून उपलब्ध पर्यायांच्या संख्येने मिळतो, हा तिचा आशय होता.

याच्या नेमका उलट विचार १९९६ मध्ये पुढे आला. जे श्नायडर यांनी कल्पिलेला आणि पॉल स्लाय यांनी अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत यशस्वी केलेला लाल रंगाचा डेक पाहणाऱ्यांना कनिष्ठ पानांची भरताड वाटला. त्यामागील तर्क मात्र पक्का होता. पहिल्या पाळीत एक माना, दुसरीत दोन, तिसरीत तीन अशी शक्ती वाढत जाते. प्रत्येक पाळीत हाती असलेली सर्व शक्ती वापरली जावी, अशा प्रमाणात स्वस्त पाने अधिक आणि महाग पाने कमी ठेवायची. यालाच पुढे 'मानावक्र' म्हणू लागले. वाया गेलेली शक्ती म्हणजे वाया गेलेला काळ, हे या डेकने दाखवून दिले. दुर्मीळ पानांवाचूनही रचनेच्या बळावर जिंकता येते, हा त्यातील सामाजिक अर्थही दुर्लक्षणीय नाही.

सिद्धान्त आणि नियम यांचे नाते 'नेक्रोपोटन्स' या पानाच्या उदाहरणाने उलगडते. १९९५ च्या 'आइस एज' संचातील हे पान एक जीवनगुण देऊन एक जादा पान मिळवून देत असे. जीवनगुण गमावणे ही हानी मानणाऱ्यांना ते प्रारंभी निरुपयोगी वाटले. पानांच्या आधिक्याची संकल्पना रुजल्यावर त्याचे खरे मोल कळले आणि १९९६ चा उन्हाळा त्याच्याच वर्चस्वाखाली गेला. खेळाडूंच्या स्मृतीत तो 'काळा उन्हाळा' म्हणून राहिला. त्या वर्षीचे जागतिक अजिंक्यपद मात्र ऑस्ट्रेलियाच्या टॉम चॅनफेंग यांनी पांढऱ्या रंगाच्या चपळ प्राण्यांच्या डेकने पटकावले. त्यातील काही योद्ध्यांना काळ्या रंगापासून संरक्षण होते. सर्वोत्तम डेक कोणता, या प्रश्नाला निरपेक्ष उत्तर नसते. समोर कोणते डेक येण्याची शक्यता आहे यावर ते अवलंबून असते. खेळाडू याला 'मेटागेम' म्हणतात. आक्रमक, नियंत्रक आणि संयोगी अशा तीन प्रकारच्या डेकची विभागणी याच विचारातून स्थिर झाली. १९९९ मध्ये मायकेल फ्लोरेस यांनी एका गाजलेल्या निबंधात याला पुढची जोड दिली. दोन सारख्या डेकच्या लढतीत आक्रमक कोण आणि बचाव करणारा कोण हे ओळखण्यात चूक करणारा हरतो, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे भूमिका डेकमध्ये नसून परिस्थितीत असते.

मासिके आणि आंतरजाल यांच्यामुळे यशस्वी डेकची यादी दूरवरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचू लागली. आयता डेक उचलणे हे अप्रतिष्ठेचे मानणारा एक वर्ग होता. पण पानांची मालकी विषम असली तरी पानांविषयीचे ज्ञान यामुळे सार्वजनिक झाले, हे मान्य करावे लागते.

बंदीची दोन पर्वे

ज्ञानाच्या या प्रसाराने नियमकर्त्यांसमोर नवी अडचण उभी केली. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'उर्झाज सागा' हा संच आला. त्यातील 'टोलेरियन अ‍ॅकॅडमी' ही भूमी खेळाडूपाशी असलेल्या प्रत्येक यंत्रवस्तूमागे एक माना देत असे. अवघ्या काही पाळ्यांत, प्रतिपक्षाला फारसे काही करू न देता डाव संपवणारे संयोगी डेक तयार झाले. खेळाडूंनी या काळाला 'संयोगांचा हिवाळा' असे नाव दिले. जानेवारी १९९९ पासून स्टँडर्डमध्ये या भूमीवर बंदी आली, एप्रिलपासून आणखी अनेक पाने बाद झाली, आणि 'मेमरी जार' या नव्याकोऱ्या पानावर तातडीची बंदी घालावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हॅस्ब्रो या खेळणी उत्पादक कंपनीने सुमारे ३२.५ कोटी डॉलरला प्रकाशनसंस्था विकत घेतली.

दुसरे पर्व 'मिरोडिन' संचाचे होय. २००३ मध्ये आलेल्या या संचातील यंत्रवस्तूंवर आधारलेला डेक वेगवान होता आणि तुलनेने सहज उभारता येत होता. जून २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प'वर बंदी आली. पण तेवढ्याने भागले नाही. मार्च २००५ मध्ये स्टँडर्डमधून एकदम आठ पाने बाद करण्यात आली. स्पर्धांना येणाऱ्यांची संख्या रोडावत होती. येथे बंदीच्या समर्थनाची भाषा बदललेली दिसते. एखादे पान अजिंक्य आहे की नाही एवढाच निकष राहिला नाही. खेळणाऱ्यांना खेळ नकोसा झाला आहे का, हाही निकष मानला गेला. नियमांची वैधता अखेर खेळाडूंच्या सहभागावर उभी आहे, याची ही कबुली होती. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक बंदीबरोबर कोणीतरी पैसे देऊन घेतलेल्या पानाचे मोल एका रात्रीत कोसळते, हा मालकीचा प्रश्नही तीव्र होत गेला.

कमांडर : खेळाडूंचे स्वराज्य आणि त्याचा शेवट

हे सर्व फॉरमॅट प्रकाशकाने ठरवले होते. त्याला एक महत्त्वाचा अपवाद होता. अलास्कामधील खेळाडूंच्या एका गटात जन्मलेला आणि शेल्डन मेनरी यांच्या पुढाकाराने स्पर्धापंचांमधून सर्वदूर पसरलेला फॉरमॅट पुढे 'कमांडर' या नावाने प्रसिद्ध झाला. यात डेक शंभर पानांचा असतो, मूलभूत भूमी वगळता प्रत्येक पानाची एकच प्रत चालते, एक नायक-पान सदैव उपलब्ध असते, आणि खेळाडू चाळीस जीवनगुणांनी आरंभ करून बहुधा चौघे मिळून खेळतात. जिंकण्यापेक्षा सोबतीला महत्त्व देणारी ही रचना होती. तिचे नियम स्वयंसेवी समिती ठरवीत असे. २०११ मध्ये प्रकाशकाने या फॉरमॅटसाठी खास डेक काढले, तरी नियमांचा अधिकार समितीकडेच राहिला.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी समितीने चार पानांवर बंदी जाहीर केली. त्यांत 'मॅना क्रिप्ट' आणि 'ज्वेल्ड लोटस' ही महागडी पाने होती. त्यानंतर समितीच्या सदस्यांना छळ आणि धमक्या यांना तोंड द्यावे लागले. अवघ्या आठवड्याभरात, ३० सप्टेंबर रोजी, या फॉरमॅटची व्यवस्था प्रकाशकाकडे सोपवण्यात आली. समतेचा निर्णय घेणाऱ्या स्वयंसेवकांपाशी मालमत्तेच्या रोषाला तोंड देण्याचे बळ नव्हते. ते कंपनीपाशी होते. खेळाडूंनी उभारलेले स्वराज्य बाहेरच्या आक्रमणाने गेले नाही. ज्यांच्यासाठी ते उभारले होते, त्यांच्यातीलच काहींनी ते अशक्य केले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, संग्रहणीय पत्त्यांच्या खेळात समता ही आरंभस्थिती नसते. ती नियमांनी पुनःपुन्हा घडवावी लागते. प्रतींची मर्यादा, कालमर्यादा आणि बंदी ही त्याची तीन साधने होत आणि त्यांपैकी प्रत्येकाची किंमत कोणत्या ना कोणत्या घटकाला मोजावी लागते. दुसरा असा की, डेकरचनेचे चिंतन नियमांच्या आश्रयाने वाढले आणि त्यानेच नियम बदलण्यास भाग पाडले. खेळाडू जितके जाणते झाले, तितकी नियमकर्त्यांची चूक लवकर उघडी पडू लागली. तिसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. १९९६ मध्ये काही संग्राहकांना दिलेले वचन त्यानंतर खेळाकडे वळलेल्या पिढ्यांना बांधून आहे, आणि ते देताना या पिढ्यांना विचारणे शक्यच नव्हते. मालमत्तेचे संरक्षण आणि येणाऱ्याला संधी यांतील हा पेच पत्त्यांपुरता मर्यादित नाही, हे समाजशास्त्रांच्या अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

घरच्या बैठकीत कॅट पिसून पाने वाटणारा हात एक साधी गोष्ट करीत असतो. तो सर्वांना एका पातळीवर आणतो, आणि त्यासाठी त्याला कोणतीही समिती लागत नाही. पाने वाटून घेण्याची ही प्रथा सुटली आणि पाने ज्याची त्याची झाली, तेव्हा त्या हाताचे काम करण्यासाठी तीस वर्षांचे नियम लिहावे लागले, आणि ते काम अद्याप पूर्ण झालेले नाही.